पहिल्यांदा पायी वारीला निघताना: ट्रकमध्ये काय, खांद्यावर काय आणि घरी काय

आळंदीहून पंढरपूरपर्यंतची पायी वाट साधारण २५० किलोमीटरांची आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे आळंदीतून प्रस्थान होते आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पालखी पंढरपुरात प्रवेश करते; म्हणजे १८ ते २० दिवस घराबाहेर राहायचे, मुक्कामाचे गाव बहुतेक रोज बदलायचे आणि तेही पावसाळा नुकताच लागलेला असताना. पहिल्या वर्षी मी याची सगळी तयारी ‘असू दे, लागेल’ या एकाच सूत्राने केली आणि भरलेली पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये चढवायला मला दुसऱ्याचा हात मागावा लागला.

‘लागेल का?’ हा प्रश्न सामान भरताना फारसा उपयोगाचा नाही, कारण तीन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक वस्तू एकदा तरी लागतेच. ही वस्तू दिवसाच्या कोणत्या वेळी लागेल आणि त्या वेळी ती माझ्या हाताशी असेल का, हे विचारावे. दिंडीबरोबर चालणाऱ्यांचे सामान ट्रकमध्ये असते. पहाटे उजाडायच्या आत राहुट्या उतरतात, पिशव्या रचल्या जातात आणि ट्रक पुढच्या मुक्कामाकडे निघून जातो; तो पुन्हा दिसतो तो दुपार उलटल्यावर, कधी कधी दिवस मावळल्यावर. मधल्या वेळात त्यात ठेवलेले औषध किंवा कोरडे मोजे घरी राहिल्यासारखेच असतात. म्हणून सामानाचे तीन ढीग करावेत: ट्रकमध्ये जाणारा, खांद्यावर राहणारा आणि घरीच राहणारा. नवखी माणसे पहिला ढीग फुगवतात आणि दुसऱ्याचा विचार आळंदीत पोहोचल्यावर करतात. माझे तरी तसेच झाले होते.

आधी दिंडीला विचारा, मग पिशवी काढा

तुम्ही ज्या दिंडीत नाव नोंदवणार आहात, तिच्या चालकांना निघण्याच्या महिनाभर आधी काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरल्यावर दोन वेळचे जेवण आणि चहा मिळतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण राहुटीत खाली बिछायत असते की नाही, ताट-वाटी आपली न्यायची का, अंघोळीला टँकरचे पाणी मिळते का, एका माणसामागे ट्रकमध्ये किती पिशव्या चालतात आणि परतीच्या वेळी तोच ट्रक सामान आळंदी-पुण्याकडे घेऊन येतो का, याची उत्तरे दिंडीगणिक बदलतात. आमच्या दिंडीत ताट आपले आपण न्यायचे असते हे मला पहिल्या संध्याकाळी पंगतीत बसल्यावर समजले आणि ते जेवण मी पत्रावळीच्या एका तुकड्यावर उरकले.

दिंडी न धरता मोकळ्या समाजाबरोबर चालणारेही पुष्कळ असतात. त्यांना ट्रक नसतो, सगळे पाठीवर घ्यावे लागते, आणि रात्री देवळाचा ओटा, शाळा किंवा कुणाचे अंगण पाहावे लागते. ज्यांचे नातेवाईक वाटेवरच्या गावांत आहेत त्यांना ते जमते. बाकीच्यांनी पहिल्या वर्षी दिंडीच धरावी, असे माझे मत आहे, आणि पुढचे सगळे दिंडीतून जाणाऱ्यांसाठीच लिहिले आहे.

ट्रकमध्ये जाणारी पिशवी

ही पिशवी मऊ कापडाची किंवा रेक्झिनची, लांबट आणि चाके नसलेली असावी. चाकांच्या कडक बॅगा ट्रकमध्ये नीट रचता येत नाहीत, त्या खाली गेल्या तर फुटतात आणि वर राहिल्या तर दुसऱ्याच्या सामानावर आदळतात. शिवाय मुक्कामाच्या तळावर, काळ्या मातीच्या ओल्या शेतात, चाकांचा उपयोग शून्य असतो. पिशवीच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात कपडे भरावेत, कारण ताडपत्री कितीही ओढली तरी एखाद्या कोपऱ्यातून पाणी येतेच. भरलेल्या पिशवीचे वजन आठ किलोंच्या आत राहिले पाहिजे. ती रोज रात्री तुम्हालाच अंधारात ट्रकपासून राहुटीपर्यंत आणायची आहे आणि पहाटे परत न्यायची आहे.

आत काय असावे? अंथरायला एक सतरंजी आणि तिच्याखाली घालायला प्लास्टिकचा कागद, पांघरायला एक चादर, जिला थंडी वाजते तिला फार तर एक शाल. उशी नको, कपड्यांची घडी टॉवेलात गुंडाळली की उशी होते. अंगावरचा एक धरून कपड्यांचे तीन जोड पुरतात, आणि चौथा आणलाच तर तो आषाढीच्या दिवशी नेसायला म्हणून आणलेला असतो आणि तोपर्यंत चुरगळून गेलेला असतो. कपडे सुती पण पातळ असावेत. जाड सुती कापड एकदा भिजले की दोन दिवस वाळत नाही, ओलेच पिशवीत जाते आणि मग बाकीच्या कपड्यांनाही कुबट वास लावते. जीन्स याच कारणासाठी आणू नये. वाळत घालायला सात-आठ हातांची नायलॉनची दोरी आणि चार चिमटे ठेवावेत. दोरी सगळ्यांकडे असते, चिमटे कुणाकडेच नसतात.

स्टीलचे एक ताट, वाटी आणि तांब्या किंवा पेला, अंगाचा आणि कपड्यांचा साबण, दात घासायचे साहित्य, रोजच्या औषधांचा पूर्ण वारीला पुरेल एवढा साठा आणि सुई-दोरा एवढे झाले की ही पिशवी बंद करावी.

पिशवीवर नाव कसे लिहायचे, हा किरकोळ वाटणारा मुद्दा प्रत्यक्षात महत्त्वाचा आहे. पालखी सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त. दोन्हीकडचे क्रमांक एकपासून सुरू होतात. त्यामुळे नुसते ‘दिंडी क्र. १२’ असे लिहिलेली पिशवी रथापुढच्या बाराव्या दिंडीची की रथामागच्या, हे कुणालाच कळत नाही. आमच्याबरोबरच्या एका काकांची पिशवी अशीच चुकून दुसऱ्या दिंडीच्या ट्रकमध्ये गेली आणि ती सापडेपर्यंत त्यांनी तीन दिवस एकाच धोतरावर काढले. ‘रथापुढे’ किंवा ‘रथामागे’, दिंडीचा क्रमांक, नाव, गाव आणि घरच्या कुणाचा तरी फोन क्रमांक, असे सगळे पक्क्या शाईने पांढऱ्या कापडावर लिहून ते कापड पिशवीला शिवून टाकावे. चिकटवलेला कागद पहिल्या पावसात जातो. मुठीला लाल किंवा पिवळ्या कापडाची चिंधी बांधली तर रात्री विजेरीच्या उजेडात दीडशे काळ्या-निळ्या पिशव्यांतून आपली चटकन ओळखता येते.

खांद्यावरची पिशवी

दिवसभराचा सगळा संसार हिच्यात असतो. पाण्यासकट तिचे वजन अडीच-तीन किलोंच्या वर जाऊ नये. दोन्ही खांद्यांवर अडकवायची लहान पाठपिशवी सर्वांत बरी. एका खांद्यावरची शबनम पहिल्या दिवशी शोभून दिसते, पण चौथ्या दिवसापर्यंत मानेची एक बाजू धरते. हातात टाळ असेल, तर दोन्ही हात मोकळे हवेतच.

तिच्यात पाण्याची एक लिटरची बाटली, प्लास्टिकचे इरले, पंचा किंवा नॅपकिन, मोज्यांचा कोरडा जोड, लहान विजेरी, त्या दिवसाची औषधे, जलसंजीवनीच्या दोन पुड्या, चिकटपट्टी, ओळखपत्र, फोन आणि सुटे पैसे असावेत. विजेरी खांद्यावरच्या पिशवीत का, असे वाटेल. पण ट्रक रस्त्यातल्या गर्दीत अडकला आणि तुम्ही त्याच्या आधी तळावर पोहोचलात, तर अंधारात तुमची राहुटी कुठे लागणार हे शोधायला तीच लागते. फोन बंद पडला तर कुणाचाही क्रमांक आठवत नाही, हा हल्लीचा सार्वत्रिक आजार आहे; म्हणून एका कागदावर दिंडीचालकांचा आणि घरचा क्रमांक, आपला रक्तगट आणि चालू औषधांची नावे लिहून तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवावा.

या पिशवीची खरी परीक्षा पुणे ते सासवड या टप्प्यात होते. अंतर ३० किलोमीटरांच्या आसपास आहे, शेवटच्या भागात दिवेघाटाची चढण आहे, आणि तिथींचा हिशेब असा आहे की बहुतेक वर्षी याच दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी येते. म्हणजे वारीतला सर्वांत लांब दिवस उपवासाचा असतो. ज्यांना उपवास करायचा आहे त्यांनी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर आदल्या रात्रीच खांद्यावरच्या पिशवीत ठेवावेत. वाटेत केळी आणि साबुदाण्याची खिचडी वाटणारे भेटतात, पण ते नेमके आपल्याला भूक लागेल तेव्हाच भेटतील याचा भरवसा नसतो. मधुमेह असणाऱ्यांनी हा दिवस कसा काढायचा ते डॉक्टरांशी आधी बोलून ठरवावे.

पायांचे सामान

वारीतून अर्ध्यावर परत जाणाऱ्यांना मी कारण विचारते, तेव्हा उत्तर बहुधा पायांपाशी येऊन थांबते. नवे बूट घेऊन वारीला निघू नये. बूट घ्यायचेच असतील तर दोन महिने आधी घ्यावेत, ते संध्याकाळी घालून पाहावेत आणि नेहमीपेक्षा एक नंबर मोठे घ्यावेत, कारण दिवसभर चालल्यावर पाय सुजतात आणि पुढचे बोट बुटाच्या टोकाला घासू लागते. चार-पाच वर्षे वापरलेली, तळ झिजलेली चप्पलही आणू नये; ती ओल्या डांबरावर घसरते आणि तिचा अंगठा तुटला तर पुढच्या गावापर्यंत पाय ओढत न्यावे लागतात.

माझ्या मते दोन पादत्राणे हवीत: एक चालायचे, दुसरे म्हणजे पट्ट्याचे सँडल, जे पावसात आणि तळावर घालता येते. पाऊस लागला की बूट पिशवीत आणि सँडल पायात, असा बदल करावा. ओल्या बुटात ओल्या मोज्यांसह तीन तास चालले की टाचेची कातडी पांढरी पडून सुटू लागते, आणि एकदा ती सुटली की पुढचा आठवडा तिच्याकडे पाहण्यात जातो. कीर्तनाला किंवा देवळात जाताना मात्र जुनी स्लिपर घालावी, कारण बाहेर काढलेल्या हजारो जोडांतून आपला जोड परत मिळणे हा योगच असतो.

रोज पहाटे मोजे घालण्याआधी बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावावे. मांड्या घासत असतील तर तिथेही लावावे. हा विषय कुणी मोठ्याने बोलत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून अर्धी दिंडी पाय फाकवून चालते ती याच कारणाने. जिथे चुरचुरते आहे असे वाटेल तिथे फोड येण्याची वाट न पाहता लगेच थांबून चिकटपट्टी लावावी. फोड आलाच तर तो फोडू नये किंवा त्याची कातडी सोलू नये. जागा धुऊन, कोरडी करून झाकावी. वाटेवर आरोग्य पथके असतात, तिथे पाय दाखवायला संकोच करू नये.

नखे निघण्याच्या तीन-चार दिवस आधी कापावीत आणि नेलकटर ट्रकमधल्या पिशवीत ठेवावे. पहिल्या वर्षी लोणंदच्या मुक्कामात माझ्या शेजारी एक आजी होत्या. त्यांचे बोचके सोडले तर आत काय निघाले? एक लुगडे, एक घोंगडी, ताटली, पितळी तांब्या, हरिपाठ आणि मिश्रीची डबी. एवढेच, आणि त्यांची ती पंचविसावी की सव्विसावी वारी होती. माझ्या फुगलेल्या पिशवीकडे त्यांनी बराच वेळ पाहिले आणि मग म्हणाल्या, “माउली, एवढं आणलंयस, तर त्यात नखं कापायचं असंल की.” होते, आणि पुढच्या तासाभरात ते राहुटीभर फिरून आले.

पाऊस आणि ऊन

वारी म्हणजे पाऊस, अशी शहरातल्या माणसाची समजूत असते, ती निम्मीच खरी आहे. आळंदी, पुणे, दिवेघाट या पट्ट्यात पाऊस हमखास भेटतो. नीरा ओलांडून लोणंद, फलटण, माळशिरस असे पुढे गेले की आपण पर्जन्यछायेच्या टापूत असतो आणि तिथे उन्हाचाच त्रास जास्त होतो. म्हणून टोपी किंवा उपरणे ट्रकमध्ये टाकू नये, ते रोज अंगाबरोबर असावे.

छत्री घरी ठेवावी. दिंडीच्या रांगेत शेजाऱ्याच्या डोळ्यांजवळ तिच्या काड्या येतात, वाऱ्यात ती उलटते आणि एक हात कायमचा अडकतो. रेनकोट चालतो, पण जाड रेनकोटात आतून घाम आणि बाहेरून पाऊस असे दोन्हीकडून भिजायला होते. डोक्यावरून घेऊन पाठपिशवीसकट अंग झाकणारे प्लास्टिकचे इरले वाटेत स्वस्तात मिळते, घडी केली की मुठीत मावते आणि दुपारी बसायला अंथरताही येते. आळंदीत पोहोचल्यावरच ते विकत घ्यावे.

बायकांसाठी थोडे वेगळे

अंघोळ पहाटे तीन-साडेतीनला, टँकरपाशी, पुष्कळदा उघड्यावर करावी लागते. अंगभर गाऊन किंवा परकर आणि वर घ्यायला एक मोठी जुनी साडी असली की आडोसा कुणाच्या भरवशावर राहत नाही. तीच साडी धुऊन वाळवून दुपारी पांघरताही येते. नऊवारीची सवय नसेल तर वारीत ती सुरू करू नये, पंजाबी ड्रेस कुणालाही खटकत नाही. पाळीचे दिवस वारीत येणार नाहीत असा हिशेब असला तरी पॅड आणि ते गुंडाळून टाकायला जुनी वर्तमानपत्रे खांद्यावरच्या पिशवीत ठेवावीत, कारण चालण्याच्या श्रमाने दिवस मागेपुढे होतात. तळांवर फिरती शौचालये असतात, पण रांग लांब असते. आपली पाण्याची एक रिकामी बाटली आणि कागदी साबण जवळ ठेवावा.

सोन्याचे मंगळसूत्र घरी ठेवून काळ्या मण्यांची साधी पोत घालावी. पुण्यातले स्वागत आणि पंढरपुरातली शेवटची गर्दी या दोन ठिकाणी गळ्याकडे लक्ष ठेवणे अशक्य असते.

घरी ठेवायचे

सोने आणि छत्री यांच्याखेरीज घरी राहावेत असे पुष्कळ आहे: परफ्यूम, जाड पुस्तके, लॅपटॉप, फुगवायची गादी, लोखंडी घडीची खुर्ची (होय, आणतात), आणि खाण्याचे डबे. खाण्याबद्दल जरा विस्ताराने सांगावे लागेल. घरची माणसे लाडू, चकली, लोणचे, मेतकूट असे काय काय बांधून देतात. त्यातले लोणचे सांडते आणि लाडवांना मुंग्या लागतात. गावोगावचे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून वारकऱ्यांना चहा, पोहे, भाकरी-पिठले, केळी, बिस्किटे देत असतात, आणि नको म्हणणे त्यांना रुचत नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे बिस्किटांचे अकरा पुडे आणि जाहिरात छापलेल्या चार टोप्या जमलेल्या असतात. खाता येईल तेवढेच घ्यावे, उरलेले मागच्या माणसाला द्यावे.

पैशांबद्दल एवढेच, की दहा-वीसच्या नोटा जास्त असाव्यात आणि सगळे पैसे एका जागी नसावेत. फोनवरून पैसे देता येतात, परंतु लाखो माणसे एका गावात उतरली की नेटवर्क मान टाकते. फोन भारला जाईल याची खात्री नसते, म्हणून दहा हजार एमएएचची एक पॉवर बँक न्यावी आणि दिवसभर फोन विमान मोडवर ठेवावा. फोटो काढता येतातच.

निघण्याआधी आणि वाटेत

सगळे भरून झाल्यावर, निघण्याच्या आठवडाभर आधी, खांद्यावरची पिशवी पाण्याच्या भरल्या बाटलीसह पाठीवर घेऊन आणि वारीत घालायचेच बूट-मोजे घालून एकदा सलग दहा-बारा किलोमीटर चालून यावे. परत आल्यावर पिशवीतली जी वस्तू टोचली किंवा जिचे ओझे वाटले, ती लगेच बाहेर काढावी.

एवढे करूनही काहीतरी जास्तीचे येतेच. ते काढून टाकायला पुणे आणि सासवड ही दोन ठिकाणे सोयीची आहेत, कारण दोन्हीकडे पालखी दोन रात्री थांबते. पुण्यात भेटायला आलेल्या नातेवाइकांच्या हाती नको असलेले सामान देऊन टाकावे. सासवडला धुणे उरकावे आणि पायांना एक दिवस विश्रांती द्यावी. माझ्या पहिल्या वारीतली जाड चादर, दोन पुस्तके आणि हेअर ड्रायर (मीही आणला होता) असे सामान सासवडहून एसटीने भाच्याबरोबर पुण्याला परत गेले.

परतीचा विचार पिशवी भरतानाच करावा. काही दिंड्या आषाढीला किंवा द्वादशीला पांगतात, काही गोपाळपूरचा काला होईपर्यंत पौर्णिमेला थांबतात, आणि ट्रक त्याप्रमाणे निघतो. तुम्हाला त्याआधी यायचे असेल तर सगळे सामान स्वतः घेऊन एसटीच्या गर्दीत शिरावे लागते. त्यात प्रसादाचे चुरमुरे, पेढे, कुंकू-बुक्का आणि शेजारपाजाऱ्यांनी सांगितलेल्या तुळशीच्या माळा यांची भर पडते. त्यासाठी एक रिकामी कापडी पिशवी ट्रकमधल्या पिशवीच्या तळाशी घडी करून ठेवावी. बुक्का मात्र वेगळ्या डबीत भरावा. पुडी फुटली तर सगळे कपडे काळे होतात.